रात्री तीन वाजता ‘चिंताक्रांत होऊ नका’ कसं पाळायचं?

पाखरू_खराडी

सगळ्यांना सलाम. एरवी इथे पाककृती वाचायला येते, स्वतःचं काही आज पहिल्यांदाच लिहितेय.

माहेर नगर, आता पुण्यात खराडीला. गेल्या पावसाळ्यात आईला पक्षाघाताचा झटका आला. भावाचा फोन आला तेव्हा घड्याळात दोन चाळीस झाले होते. आई वाचली. उजवी बाजू थोडी लंगडी आहे आणि बोलणं जवळजवळ गेलंय. पण तेव्हापासून मोबाइल वाजला की माझे हात बधिर होतात. फोन बँकेचा असो नाहीतर गॅसवाल्याचा, फरक पडत नाही. रोज रात्री अडीच-तीनला जाग येते आणि छाती धडधडायला लागते. नोव्हेंबरमध्ये वाघोलीजवळ बसमध्येच श्वास कोंडला. हार्ट अटॅकच वाटला मला. ईसीजी नॉर्मल निघाला. डॉक्टर म्हणाले पॅनिक अटॅक, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. भेटले. गोळी सुरू आहे, तीन आठवडे झाले.

आता खरा प्रश्न. आम्ही चार पिढ्यांचे ख्रिस्ती. मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, कळल्यावर सगळ्यांनी प्रेमाने बायबलची वचनं पाठवली. फिलिप्पैकरांस पत्र ४:६ मला व्हॉट्सअ‍ॅपवर अकरा वेळा आलं, त्यातलं तीनदा सूर्योदयाच्या फोटोवर. ‘कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका.’ हेच वचन रविवारच्या शाळेत पाठ म्हणून दाखवून मला पेन्सिलचा डबा मिळाला होता. आता ते वाचलं की कोणीतरी रागावल्यासारखं वाटतं. चिंता तर आहेच, वर चिंता केल्याचा अपराधही.

वचनांची यादी कृपा करून नको. ज्यांना श्रद्धेने खरंच उतार पडला त्यांनी एवढंच सांगा: रात्री तीन वाजता तुम्ही नेमकं काय करता?

वसईची_वाडी

पाखरू, मी कॅथलिक, त्यामुळे आमचं जरा वेगळं. मी रोझरी, म्हणजे आमची जपमाळ, घेते. मनापासून, लक्ष देऊन वगैरे म्हणते असं समजू नकोस. हात मण्यावर ठेवायचा आणि तोंडाने ‘नमो मरिये, कृपापूर्णे’ चालू ठेवायचं. मन भटकलं तर भटकू दे, बोटाला कळतं आपण कुठे आहोत ते.

माझे मिस्टर जहाजावर होते तेव्हा सहा-सहा महिने घरात मी आणि सासूबाई. वादळाची बातमी आली की आम्ही दोघी ओटीवर बसून माळ धरायचो. सासूबाई दुसऱ्या दशकात, म्हणजे दुसऱ्या दहा मण्यांत, हमखास घोरायला लागायच्या. मला तेव्हा राग यायचा. आता वाटतं, प्रार्थना त्यांचीच जास्त पोचत असेल.

मंगळवारी आणि शुक्रवारी माळेबरोबर येशूच्या दुःखाची रहस्यं मनात आणायची असतात, त्यातलं पहिलंच गेथशेमाने बागेतलं, पकडला जाण्याआधी तो व्याकूळ होऊन प्रार्थना करतो ते. आमचे जुने फादर म्हणायचे, ज्याला भीतीने घाम फुटला त्याच्याशी बोलतोय आपण, मग लाज कसली?

तर्कतीर्थ_नाही

धागाकर्तीबद्दल पूर्ण सहानुभूती. मी नास्तिक आहे, त्यामुळे गप्प बसणार होतो, पण एक विचारतो. माळ ओढून शांत वाटतं यात देव कुठे आला? तेच तेच शब्द संथ लयीत म्हटले की श्वास मंदावतो, श्वास मंदावला की धडधड कमी होते. पाढे म्हटले तरी होईल.

पिवळा_कंदील

मी मानसोपचारतज्ज्ञ, मिरज भागात. तर्कतीर्थ म्हणतात त्यात तथ्य आहे आणि त्यावर अभ्यासही झालेला आहे. २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये इटलीतल्या संशोधकांनी २३ निरोगी माणसांवरचा छोटा प्रयोग छापला. त्यांना लॅटिनमधली ‘आवे मारिया’ म्हणायला लावली, आणि ‘ओम मणि पद्मे हुम्’ हा मंत्रही. दोन्ही वेळा श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि हृदयाच्या ठोक्यांची लय त्याच्याशी जुळली. एरवी आपण मिनिटाला बारा ते वीस वेळा श्वास घेतो. म्हणजे वसईच्या सासूबाई ओटीवर जे करत होत्या ते शरीरशास्त्राला धरूनच होतं.

पण पाढ्यांबद्दल मी सहमत नाही. तीन वाजता घाबरलेल्या माणसाला दोन गोष्टी हव्या असतात: श्वास सावकाश व्हावा, आणि आपण एकटे नाही असं वाटावं. पाढे पहिलं देतील, दुसरं नाही. दुसरं कुठून येतं हा माझ्या विषयाबाहेरचा प्रश्न. येतं एवढं मी रुग्णांत पाहतो.

पाखरू, या गोळ्यांचा गुण दिसायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात. तीन आठवड्यांवर ‘काहीच होत नाही’ म्हणून सोडू नका, आणि पुढे बरं वाटलं तरी स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. थायरॉइड तपासून झालं नसेल तर डॉक्टरांना विचारा. संध्याकाळनंतर चहा-कॉफी नको. अटॅक साधारण दहाएक मिनिटांत शिगेला पोचतो आणि मग उतरतो. तो चढतच जाईल असं वाटतं, पण चढत नाही.

वचनधारी

ताई, प्रभूच्या नावात सांगतो. गोळ्या म्हणजे अविश्वासाची पहिली पायरी. भीतीचा आत्मा देवापासून नाही, २ तीमथ्य १:७ वाचा. तीन दिवस उपास करा, घरातली जुनी सगळी पापं कबूल करा. मलाही झोप नव्हती, मी गोळ्या नाल्यात टाकल्या आणि त्या दिवसापासून गाढ झोपतोय. बायबलमध्ये ‘भिऊ नको’ ३६५ वेळा लिहिलंय, रोजचं एक! मग गोळी कशाला?

नगरी_बोर

मी निवृत्त शिक्षक, मंडळीत तीस वर्षं ‘वडील’, म्हणजे कारभार बघणाऱ्या ज्येष्ठांपैकी एक. एवढा सावकाश लिहिणारा माणूस आहे, पण वरचं वाचून चहा तसाच ठेवला.

वचनधारी, तुम्ही बरे झालात याचा आनंद आहे. पण ज्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, प्रेषित पौलाने ‘भित्रेपणाचा आत्मा दिला नाही’ असं लिहिलं, त्याच तीमथ्याला पहिल्या पत्रात तो काय लिहितो? नुसतं पाणी पीत राहू नकोस, पोटासाठी आणि वारंवार होणाऱ्या दुखण्यांसाठी थोडा द्राक्षारस घे. ५:२३. ‘उपास कर आणि पापं कबूल कर’ असं नाही लिहिलं. त्या काळचं औषध सांगितलं. आणि पौलाबरोबर शेवटपर्यंत राहिला कोण? ‘प्रिय वैद्य लूक’. वैद्याला बरोबर घेऊन फिरणारा माणूस औषधाला अविश्वास म्हणेल?

३६५ वेळा हेही खरं नाही हो. मी शाळामास्तर, शब्दसूची घेऊन बसलो होतो एका सुट्टीत. तेवढे भरत नाहीत. कॅलेंडर छापणाऱ्यांची सोय आहे ती.

आता पाखरू, तुझ्या फिलिप्पै ४:६ बद्दल. अगं, ते पत्र लिहिणारा पौल स्वतः कैदेत होता, सुटका की मरण हे ठाऊक नव्हतं. मूळ ग्रीकमध्ये ‘चिंता करणे’ यासाठी जे क्रियापद तिथे आहे, तेच त्याच पत्रात दोन अध्याय आधी चांगल्या अर्थाने आलंय: तीमथ्य तुमची मनापासून काळजी करील, २:२०. तेच त्याच्या नामरूपात २ करिंथ ११:२८ मध्ये, तिथे पौल स्वतःच म्हणतो की सगळ्या मंडळ्यांची चिंता मला रोज ग्रासते. म्हणजे चिंता शिवलीच नाही असा माणूस तुला उपदेश करत नव्हता. आईची काळजी वाटणं हे पाप असतं तर तीमथ्याचं कौतुक कशाला झालं असतं?

आणि पेत्राच्या पत्रातलं ‘आपली सर्व चिंता त्याच्यावर टाका’. तिथला ‘टाका’ हा ग्रीक शब्द नव्या करारात आणखी एकाच ठिकाणी येतो. शिष्य येशूला बसवण्याआधी शिंगरावर आपली वस्त्रं टाकतात तिथे, लूक १९:३५. मला ते चित्र फार आवडतं. ओझं उचलायला जनावर उभं आहे, आपण फक्त अंगावरचं काढून त्याच्या पाठीवर टाकायचं. घसरलं की परत टाकायचं. शिंगरू कुठे जात नाही.

वचनधारी

शब्दांचा खेळ करून विश्वास वाढत नाही. बाकी ताईंची इच्छा.

पिवळा_कंदील

गोळ्या नाल्यात टाकण्याचा सल्ला इथे इतर लोकही वाचत आहेत, म्हणून स्पष्ट लिहितो: असं करू नका. काही औषधं अचानक थांबवली तर चक्कर, मळमळ, अंगात करंट गेल्यासारखं वाटणं, आणि मूळ त्रास जोरात परत येणं हे होतं.

आणखी एक गोष्ट श्रद्धावंतांसाठी. प्रार्थना स्वतःच चिंतेचं रूप घेऊ शकते. माझ्याकडे येणाऱ्यांत असेही असतात की एक शब्द चुकला की पहिल्यापासून, मन भटकलं की पहिल्यापासून, रात्रभर. पुढे धर्मसुधारक झालेला मार्टिन ल्यूथर मठात असताना तासन्‌तास पापनिवेदन करत बसायचा, बाहेर पडला की आणखी एक पाप आठवायचं. प्रार्थनेनंतर हलकं वाटण्याऐवजी ‘बरोबर झाली की नाही’ अशी धास्ती वाटत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

रात्री कोणाशी बोलावंसं वाटलं, किंवा जीव नकोसा वाटला, तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६. सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात.

इंद्रायणीकाठ

आम्ही वारकरी. धागा वाचताना राहून राहून आजी आठवली. घरात काही झालं की ती ‘ठेविले अनंते तैसेचि राहावे’ म्हणत जात्याकडे वळायची. तुमच्याकडे असं सोपं, तोंडात बसणारं काही नाही का? वचनं ऐकायला फार पुस्तकी वाटतात. राग नसावा.

नगरी_बोर

राग कसला, योग्य जागी बोट ठेवलंत. हीच खंत रेव्हरंड नारायण वामन टिळकांची होती. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, मग नगरला आले, आणि बघतात तर मंडळीत विलायती चालींवर बेतलेली गाणी. त्यांनी अभंग, ओव्या, भजनं रचली, कीर्तनं केली. तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो असं ते स्वतः सांगत. तेव्हा तुमची आजी आणि आमची आजी यांच्या जात्याचा आवाज फार वेगळा नसणार. आमच्या ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकात टिळकांची पदं खूप आहेत. नगरच्या म्हाताऱ्या बायकांना वाचता येत नसलं तरी ती तोंडपाठ असायची.

वसईची_वाडी

इंद्रायणीकाठ, बुधवारी माहीमच्या चर्चमधल्या नोव्हेनाला, म्हणजे दर आठवड्याच्या प्रार्थनेला, या एकदा. रांगेत अर्धे लोक तुमच्यासारखेच असतात, कपाळाला कुंकू, हातात मेणबत्ती. कोणी कोणाला विचारत नाही.

पाखरू_खराडी

सगळ्यांचे उपकार. नगरी_बोर काका, शिंगराचं चित्र डोक्यातून जात नाही.

वचनधारी दादा, तुमच्या हेतूबद्दल शंका नाही. पण ‘जुनी पापं कबूल कर’ वाचून मी दोन तास आईच्या झटक्याला माझं कुठलं पाप कारण असेल ते शोधत बसले. शेवटी नवऱ्याने मोबाइल काढून घेतला.

एक कबुली द्यायचीय. मला प्रार्थनाच येत नाहीये. डोळे मिटले की दवाखान्याचा कॉरिडॉर दिसतो. स्वतःचे शब्द सुचत नाहीत.

मेलबर्नची_मावशी

मग दुसऱ्याचे वापर की गं. स्तोत्रं असतात कशाला? मी नवऱ्याच्या कॅन्सरच्या वर्षभरात एकही स्वतःचं वाक्य देवाला बोलले नाही. स्तोत्र ८८ वाचायचे. ते वाचलंयस का? बाकीची रडगाणीसुद्धा शेवटी कुठेतरी वळतात, ‘तरी मी परमेश्वराची स्तुती करीन’ वगैरे. हे वळतच नाही. अंधारातच संपतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी मोठ्याने हसले. म्हटलं, हेही पवित्र शास्त्रात घेतलंय म्हणजे मला हाकलणार नाहीत.

आणि ते चौघे आठवतात? छप्पर उसकटून लकवा झालेल्या मित्राला बाजेसकट येशूपुढे खाली सोडणारे? मार्क २:५ नीट वाच. येशू ‘त्यांचा’ विश्वास पाहून बोलला, पडलेल्या माणसाच्या विश्वासाबद्दल तिथे अवाक्षर नाही. तो बिचारा बाजेवर काय विचार करत होता कोणास ठाऊक, बहुतेक ‘पाडू नका’ एवढाच. सध्या तू बाजेवर आहेस. आम्ही दोऱ्या धरतो. इथलं घड्याळ तुझ्यापेक्षा साडेचार-साडेपाच तास पुढे असतं, तुझे तीन वाजतात तेव्हा मी चहा पीत असते. मेसेज कर. वचन पाठवणार नाही, शपथ.

तर्कतीर्थ_नाही

मावशींचा मुद्दा मला पटला, म्हणजे मानवी बाजूने. चार माणसांनी दोऱ्या धरणं हे देवाशिवायही चालेल असं माझं मत आहे. पण प्रत्यक्षात आमच्या सोसायटीत बावन्न फ्लॅट आहेत आणि रात्री तीनला मला उठवता येईल असा एकही माणूस नाही. तुमच्याकडे आहेत, हे मी लिहून ठेवतो.

पिवळा_कंदील

अवांतर, पण या धाग्यावर लिहावंसं वाटतं. १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा जीव नकोसा होऊन रतामाच्या झुडुपाखाली पडतो आणि ‘आता माझा प्राण घे’ म्हणतो. तेव्हा देवदूत येऊन काय करतो? झोपू देतो. उठवून निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो. पुन्हा झोपू देतो. पुन्हा खायला घालतो. ‘तू इथे काय करतोस’ हा प्रश्न पुष्कळ नंतर, चाळीस दिवस चालून झाल्यावर येतो. नव्या डॉक्टरांना मी हा क्रम आवर्जून सांगतो. मी स्वतः ख्रिस्ती नाही. माझे एक शिक्षक होते, त्यांनी मला तो सांगितला होता.

वसईची_वाडी

म्हणजे आमच्या सासूबाईंचं झोपणं शास्त्रोक्त होतं म्हणायचं 😄

पाखरू_खराडी (अडीच महिन्यांनी)

धागा वर आणतेय. कोणी वाट बघत असेल तर.

गोळी चालू आहे. पाचव्या-सहाव्या आठवड्यात फरक जाणवला. तीनची जाग अजून आठवड्यातून दोनदा येते. आली की उठून पाणी पिते, खिडकीत बसते. श्वास घेताना ‘प्रभू येशू’ आणि सोडताना ‘दया कर’, बस. कधी दहा मिनिटांत झोप येते, कधी साडेचारला दूधवाल्याचा आवाज ऐकते. मावशींना आतापर्यंत नऊ मेसेज गेलेत. त्यांनी शब्द पाळलाय, एकदाही वचन नाही, उलट लसणाच्या चटणीची कृती आली.

पण सांगायचं होतं ते वेगळंच.

गुड फ्रायडेला नगरला गेले होते. आई अजून बोलत नाही. पाणी हवं असलं तरी ‘ते... ते...’ करते आणि जमलं नाही की डोळ्यांत पाणी आणते. उपासनेला तिला खुर्चीवरून नेलं. पहिलं गीत सुरू झालं, टिळकांचंच. माझ्या शेजारून आवाज यायला लागला. आधी वाटलं मागच्या बाई गातायत. आई गात होती. शब्द स्पष्ट, तिन्ही कडवी. स्वतःचं नाव सांगता येत नाही त्या बाईला, आणि तिन्ही कडवी. भाऊ खुर्ची सोडून बाहेर निघून गेला, नंतर बघितलं तर चिंचेखाली उभा होता.

डॉक्टर, हे असं होतं का हो? की आम्ही काहीतरी जास्त समजून बसलोय?

पिवळा_कंदील

होतं. बोलण्याची केंद्रं बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला असतात. आईंची उजवी बाजू लंगडी आहे म्हणजे इजा डावीकडे. गाणं, विशेषतः लहानपणापासून पाठ असलेलं, उजव्या बाजूचाही आधार घेतं. त्यामुळे वाचा गेलेली माणसं गाऊ शकतात, आणि गाण्याच्या वाटेने बोलण्याचा सराव देण्याची पद्धतही आहे. स्पीच थेरपिस्टना हे नक्की सांगा. रोज गाऊ द्या.

कारण सांगितलं म्हणून त्याचं मोल कमी होतं असं मला वाटत नाही.

पाखरू_खराडी

धन्यवाद डॉक्टर. थेरपिस्ट बाईंना सांगितलं, त्यांनी ‘पाणी दे’ला गाण्यासारखी चाल लावून दिलीय. आई आता पाणी गाऊन मागते.

आणि एक केलंय. भावाला सांगितलं, रोज रात्री नऊला तूच फोन करायचा, मी नाही. पहिले काही दिवस रिंग वाजली की हात बधिर व्हायचे, पण उचलायचाच असं ठरवलं होतं. तो काही न बोलता मोबाइल आईच्या तोंडाशी धरतो. ती एक कडवं म्हणते, मी दुसरं. मग ती ‘ते’ म्हणते, म्हणजे ठेव आता. काल नऊ वाजून गेले तरी फोन आला नाही, तर मीच मोबाइलकडे बघत बसले होते, वाजत का नाही म्हणून.

नगरी_बोर

पोरी, काय सांगू. चाल कुठली म्हणते आई? जुनी की हल्लीच्या तरुण संघाने बसवलीय ती?

पाखरू_खराडी

जुनी, काका. परवा मी मुद्दाम नवी धरली तर तिने मोबाइलच ढकलून दिला.